रकाना रिकामा नसावा

आमच्या इमारतीत चोरी झाली ती एका प्रेशर कुकरची, आणि तीसुद्धा माझ्या घरात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोकांची समजूत होते की माझ्याकडे निदान दरोडा तरी पडला असणार. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी गरम कुकर निवायला म्हणून दाराबाहेर ठेवला, दहा मिनिटांनी पाहतात तर कुकर गायब. शिट्टी तेवढी जिन्यात सापडली. चोर नवखा होता की शिट्टीशिवाय स्वयंपाक करणारा होता, यावर इमारतीत आठ दिवस चर्चा झाली आणि त्या चर्चेतून माझ्या घरात कॅमेरा शिरला.

सल्ल्याच्या बाबतीत आमची इमारत स्वयंपूर्ण आहे. समोरच्या दारातले वकील म्हणाले, "कुत्रा पाळा." मी म्हटलं, बरं. तर लगेच म्हणाले, "पण तो चोराला चावला तर चोर तुमच्यावर दावा लावू शकतो. मीच लावून देईन त्याला, पक्की केस आहे." आमच्या डोक्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांना सगळे भूगोलाच्या बाई म्हणतात. त्यांनी हवेतच बोटाने आमच्या घराचा नकाशा काढला आणि सांगितलं की आमचं स्वयंपाकघर नैर्ऋत्येला असल्यामुळे चोर तिकडूनच येणार, कारण दुपारी त्या बाजूला ऊन असतं आणि लोक पडदे ओढून झोपतात. चोरांना इतका भूगोल येत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण आम्ही तळमजल्यावर राहतो आणि स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बोळात उघडते, त्यामुळे मी मान डोलावली.

खरं सांगायचं तर मला भीती कुकरचोराची नव्हती. मला काळजी अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. मी आणि आमची ही, दोघंही नोकरीला जातो, आणि साडेनऊपासून साडेसहापर्यंत अण्णा घरात एकटे असतात. मागच्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले आणि तासभर तिथेच पडून राहिले. संध्याकाळी आम्ही विचारलं तर म्हणाले, "पडलो कुठे? जरा आडवा झालो होतो." बादलीला उशाशी घेऊन आडवा होणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तेव्हापासून ऑफिसात घरचा फोन आला की मी तो उभं राहूनच घेतो. कॅमेरा मला हवा होता तो अण्णा दिवसभर ठीक आहेत हे पाहायला. मात्र हे त्यांच्या तोंडावर सांगण्याची माझी छाती नव्हती.

कारण अण्णा चाळीस वर्षं बसचे तिकीट तपासनीस होते. बसमध्ये चढलेल्या माणसाची नुसती मान पाहून ते ओळखायचे की याच्याकडे तिकीट नाही. अशा माणसाला ते फुकट्या म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ही पदवी जगातल्या सगळ्या लबाडांना खुली केली. जन्मभर दुसऱ्यांवर नजर ठेवलेल्या माणसावर नजर ठेवायची म्हणजे सोनाराने कान टोचायच्या ऐवजी सोनाराचेच कान टोचण्यासारखं होतं. म्हणून मी चोराचं नाव पुढे केलं.

"कॅमेरा दाराबाहेर लावतात," अण्णा म्हणाले. "हॉलमध्ये कशाला?"

"चोर आत आला तर दिसायला नको?"

"आत आला तर मी दिसेन ना त्याला. मी काय कपाटात बसतो?"

"तसं नाही अण्णा. पुरावा म्हणून…"

अण्णांनी माझ्या मानेकडे पाहिलं. मी कॉलर सारखी केली.

"हे बघ," ते म्हणाले, "मला कुणी बरणीतल्या माशासारखं बघत बसलेलं चालायचं नाही. चोरासाठी लावतोयस ना? लाव. आज पाच तारीख. पुढच्या पाच तारखेपर्यंत त्या डोळ्याने एक तरी फुकट्या पकडून दाखवावा. पकडला, तर मी मुकाट्याने राहीन. नाही पकडला, तर तो डोळा तुला लखलाभ. मी धाकट्याकडे जाईन. कायमचा."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो आठ तासांच्या अंतरावर, पाचव्या मजल्यावर राहतो. तिथली लिफ्ट मनात आलं तर चालते. तो आणि त्याची बायको सकाळी सातला बाहेर पडतात. म्हणजे अण्णा तिथे इथल्यापेक्षा एकटे, वर आभाळात लटकलेले. आणि दुसरं म्हणजे, संध्याकाळी घरी आल्यावर "आलास का?" असं विचारणारं कुणी नसलेलं घर मला नको होतं. वय छप्पन्न झालं म्हणून काय झालं! पण अण्णांचा शब्द म्हणजे शब्द. आता माझी पंचाईत अशी झाली की महिन्याभरात माझ्या घरी चोर येणं मला अत्यंत आवश्यक होतं.

कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. मला मागच्या बाजूला टक्कल पडलंय हे त्या दुकानात कळलं, एकाच वेळी आठ पडद्यांवर. दुकानदाराने विचारलं, "किती मेगापिक्सेल हवेत?" मी म्हटलं, "चोर ओळखू येईल इतके." त्यावर तो अदबीने म्हणाला, "ओळखीतला आहे का?" मग त्याने तीन कॅमेरे माझ्या गळ्यात मारले. एक दाराबाहेर, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून. सोबत भोंगा. हा भोंगा नुसता कोकलत नाही, एका कडक बाईच्या आवाजात बोलतोसुद्धा. "सावधान! आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात." शिवाय हे यंत्र माणूस, पाळीव प्राणी आणि वस्तू वेगवेगळे ओळखून मोबाइलवर कळवतं, अशी त्याची ख्याती होती.

दाराबाहेर कॅमेरा लावायचा तर इमारतीच्या सेक्रेटरींचा ना हरकत दाखला लागतो. मी रीतसर अर्ज केला. इथे सांगितलं पाहिजे की मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी कचेरीत अर्ज छाननीच्या टेबलावर आहे. माझं एकच तत्त्व आहे. रकाना रिकामा नसावा. माहिती नसेल तर 'लागू नाही' लिहा, पण जागा मोकळी सोडू नका. मोकळ्या रकान्यापायी मी भल्याभल्यांचे अर्ज 'अपूर्ण, परत' असा शेरा मारून फिरवले आहेत. एकदा तर आमच्या साहेबांच्या सासऱ्यांचाही. तर सेक्रेटरींच्या अर्जात 'चोरीचा दिनांक' असा रकाना होता आणि मी त्यात सुवाच्य अक्षरात 'लागू नाही' लिहिलं. अर्ज परत आला.

"चोरी झालेलीच नाही तर कॅमेरा कशाच्या आधारावर मंजूर करू?" सेक्रेटरी म्हणाले.

"होऊ नये म्हणून तर लावतोय."

"तसा रकाना नाही. आधी चोरी होऊ द्या, मग या."

अर्जदाराच्या बाजूने टेबल कसं दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फारच उंच दिसतं. शेवटी कुकरवाल्या बाईंकडून त्यांच्या चोरीचा दिनांक माझ्या अर्जापुरता वापरण्याची लेखी संमती आणली, तेव्हा कुठे सही मिळाली. बाईंनी संमती देताना कुकर सापडला तर परत करीन असं माझ्याकडून लिहून घेतलं. म्हणजे आता इमारतीच्या कागदोपत्री त्या कुकराशी माझा काहीतरी संबंध आहे.

फिटर आला. चांगला पन्नाशीचा, मिशीवाला, कमरेला अवजारांचा पट्टा. शिडी भिंतीला लावली आणि मला म्हणाला, "चढा."

"मी?"

"मला उंचावर गरगरतं. डॉक्टरांनी तीन पायऱ्यांच्या वर मनाई केलीय. तुम्ही चढा, मी सांगतो तसं करा. वीस वर्षांत माझं एक काम वाकडं झालेलं नाही."

ते कसं होईल? वीस वर्षं दुसऱ्यांनीच केलेलं होतं. मी चढलो, भिंत पोखरली, डोळ्यांत सिमेंट घेतलं आणि खालून त्याच्या शाबासक्या घेतल्या. स्वयंपाकघरात गेल्यावर तो खिडकीच्या लोखंडी गजांकडे बघून चुकचुकला. गजांमुळे चित्रात उभ्या रेघा येतात, चोर झेब्र्यासारखा दिसतो, पोलीस असा फोटो घेत नाहीत, असं म्हणाला. मग आम्ही दोघांनी मिळून बावीस वर्षं चोराला बाहेर ठेवणारे गज काढले, म्हणजे चोर नीट दिसावा. अण्णा दारात उभं राहून हे सगळं बघत होते. "छान," ते म्हणाले, "आता त्याला पायपुसणंही टाका." आमच्या हिने त्या दिवसापासून खिडकी कडी लावूनही तीनदा तपासायला सुरुवात केली, आणि कडीही ढिली आहे हे तिनेच शोधून काढलं. "कडी बदला" हे वाक्य मी पुढचे पंचवीस दिवस ऐकलं. बदलली नाही. गडबडीत होतो.

गडबड मोबाइलची होती. त्यात एक पान आलं, 'संकटकाळी कळवायच्या व्यक्ती'. खाली दहा रकाने. आणि त्याखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं होतं, किमान एक आवश्यक. मी ते वाचलं नाही असं नाही. पण एक भरून नऊ मोकळे सोडायचे? माझ्या हाताला ते जमणारच नाही. 'लागू नाही' लिहून पाहिलं, यंत्र म्हणालं हा फोन नंबर नाही. मग बसलो भरायला. एक, आमची ही. दोन, धाकटा. तीन, मेहुणा. चार, सेक्रेटरी. पाच, वकील. सहा, भूगोलाच्या बाई. इथे नावं संपली. घाम फुटला. सात, ऑफिसातले साहेब. आठ, माझा दाताचा डॉक्टर. नऊ, गॅस एजन्सी.

अण्णा समोरच्या वेताच्या खुर्चीत बसले होते. "काय चाललंय?"

"अर्ज भरतोय."

"अडलंय का काही? मी सांगू?"

"नको अण्णा, तुम्ही पडा जरा," मी म्हटलं, आणि दहाव्या रकान्यात कॅमेऱ्याच्या दुकानदाराचा नंबर टाकून निःश्वास सोडला.

त्यानंतरचे दिवस मी चोराची जशी वाट पाहिली तशी लग्न ठरल्यावर हिचीही पाहिली नव्हती. यंत्र पहिल्या दिवसापासून मन लावून कामाला लागलं. खुंटीवरचा माझा रेनकोट वाऱ्याने हलला की मोबाइलवर यायचं, "माणूस दिसला." आमची ही आली की, "माणूस दिसला." आणि मी दिवसभर राबून दारात उभा राहिलो की, "पाळीव प्राणी दिसला." रोज, न चुकता. मी ताठ उभा राहून पाहिलं, टाय लावून पाहिला, ओळखपत्र छातीवर धरून पाहिलं. पाळीव प्राणी. फिटरला फोन केला तर तो म्हणाला, "यंत्र स्वतःहून शिकतं, काका. तुमच्याबद्दल त्याचं काहीतरी मत झालं असेल." आमची ही मात्र यावर फार खुशीत होती.

भोंगा दोनदा वाजला. एकदा भूगोलाच्या बाई दारात घंटा वाजवायला आल्या तेव्हा. त्या कडक आवाजाने इतक्या दचकल्या की "सॉरी मॅडम" म्हणून सरळ वर निघून गेल्या. दुसऱ्यांदा रेनकोट खुंटीवरून पडला तेव्हा. दोन्ही वेळी मी घरातच होतो, आणि दहा जणांना संदेश जायच्या आत बटण दाबायला मिळालं.

ऑफिसात मात्र मी टेबलाचा खण अर्धा उघडा ठेवून हॉलचा कॅमेरा बघत असे. खणात अण्णा दिसायचे. वेताच्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून, समोर वर्तमानपत्र. घरात बनियनवर वावरणारा माणूस दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून का बसतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता, पण पडला नाही. अण्णांनी पान उलटलं की मी एक अर्ज पुढे सरकवायचा, असा माझा वेग ठरून गेला होता. आणि तारखा भराभर उलटत होत्या. चोराचं नाव नाही. कुकर नेणाऱ्याने एकदम एवढा आळस करावा याचा मला संताप यायला लागला. एक तारखेला अण्णांनी माळ्यावरून बॅग काढायला लावली आणि हॉलमध्ये भिंतीशी ठेवली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तीन तारीख. दुपारी अडीच वाजता खण उघडला. अण्णा नव्हते.

न्हाणीघरात गेले असतील म्हणून थांबलो. तीन वाजले. नाहीत. नीट पाहिलं तर खुर्चीही नाही! बॅग जागेवर, टेबल जागेवर, टेबलावर अण्णांचा फोन. मी फोन लावला. माझ्या खणात मला दिसत होतं, तो फोन टेबलावर थरथरत गोल फिरत होता आणि घ्यायला कुणी येत नव्हतं. चोर माणसाला खुर्चीसकट नेतात का? का अण्णा खुर्ची ओढायला गेले आणि तिच्यासकट कुठे पडले? मी उठलो. साहेबांना काय सांगितलं आठवत नाही, बहुतेक काहीच सांगितलं नाही. रिक्षात बसलो तेव्हा लक्षात आलं, घराची किल्ली खणातच राहिली.

घंटा वाजवली. दार बडवलं. "अण्णा!" म्हणून ओरडलो. भोंग्याची बाई म्हणाली, सावधान. मोबाइल म्हणाला, पाळीव प्राणी. मी मागच्या बोळाकडे धावलो.

ढिली कडी एका धक्क्यात निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मला बायकोचं न ऐकल्याचा फायदा झाला. भूगोलाच्या बाईंची एक मोठी कुंडी उलटी पडलेली होती, तिच्यावर चढलो, डोकं आत घातलं, खांदे आत घातले, पोट अर्धं आत घातलं. उरलेलं अर्धं बाहेर राहिलं. पट्टा गजाच्या तुटक्या खिळ्यात अडकला. ना पुढे, ना मागे. समोर ओट्यावर पातेली, वर भिंतीवर मी स्वतःच्या हाताने बसवलेला कॅमेरा. त्यातला लाल दिवा लागला आणि भोंगा कोकलायला लागला. हातातला मोबाइल ओट्यावर पडला होता, त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, "धोका! अनोळखी माणूस घरात शिरत आहे." पंचवीस दिवसांत त्या यंत्राने मला पहिल्यांदा माणूस म्हटलं.

बटण दाबायला हात पोचेना. संदेश गेले. फोटोसकट.

"कोण आहे रे?" आतून आवाज आला. अण्णा! एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कानातलं यंत्र बसवत, इस्त्रीच्या शर्टात, धडधाकट. मला इतका आनंद झाला की मी त्या अवस्थेतही हसलो. त्या फोटोतही मी हसतोय. असा चोर कुणी पाहिला नसेल.

"तू होय," अण्णा म्हणाले. "शिट्टी ऐकून मला वाटलं कुकर परत आला."

"अण्णा, तुम्ही कुठे होता?"

"हॉलमध्ये."

"दिसत नव्हता!"

"कॅमेऱ्याच्या खाली बसलो होतो. खुर्ची दीड फूट मागे घेतली. कानातलं यंत्र काढलं आणि डोळा लागला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो मी रिक्षाने घातला होता. पुढे बोलणार तोच बाहेरून माझे पाय कुणीतरी धरले.

"एक शब्द बोलू नका," मागून वकिलांचा आवाज आला. "वकिलाच्या गैरहजेरीत दिलेला जबाब गोत्यात आणतो." लगेच वरच्या खिडकीतून भूगोलाच्या बाई ओरडल्या, "कंबर ईशान्येकडे वळवा! ईशान्येकडे! अहो, ती आग्नेय!" सेक्रेटरी धापा टाकत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला की दर्शनी भागातल्या खिडकीतून ये-जा करायची परवानगी मी घेतली होती का. हा मागचा भाग आहे, असं वकिलांनी त्यांना सुनावलं. त्यावर त्या दोघांत मागचा भाग कशाला म्हणावं याची चर्चा माझ्या मागच्या भागाशी उभं राहून सुरू झाली.

ओट्यावरचा फोन वाजायला लागला. अण्णांनी एकेक उचलून माझ्या कानाला लावला. हिचा फोन आला, "कडी बदला म्हटलं होतं की नाही?" मेहुण्याने विचारलं की हा फोटो घरच्या सगळ्यांना दाखवला तर चालेल ना, कारण दाखवून झालाय. साहेब म्हणाले, "तुमचा रजेचा अर्ज माझ्या टेबलावर दिसत नाही." दाताच्या डॉक्टरांकडची मुलगी विचारत होती, दुखतंय का आणि कुठल्या बाजूला. धाकटा घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "दादा, घरात जाड्या चोर शिरलाय!" दुकानदार म्हणाला, "मग? चित्र स्वच्छ येतंय ना?" आणि गॅस एजन्सीने फोन केला नाही, सरळ सिलिंडर घेऊन माणूस पाठवला. शेवटी त्यानेच मला कमरेला धरून सिलिंडर उचलतात तसं उचललं आणि आत सरकवलं. पट्टा खिडकीतच राहिला.

सगळे हॉलमध्ये जमले. अण्णांनी स्वतः चहा टाकला. इतकी माणसं भर दुपारी आमच्या हॉलमध्ये मी कधी पाहिली नव्हती, आणि अण्णांनीही नसावीत. कपबशा कमी पडल्या.

"आता सांग," अण्णा म्हणाले. "ऑफिसच्या वेळात खिडकीतून का आलास?"

तेव्हा मात्र मला खोटं बोलता येईना. "तुम्ही दिसत नव्हता," मी म्हटलं. "मला वाटलं, पुन्हा पडलात. तो कॅमेरा चोरासाठी नाही अण्णा. तुमच्यासाठी आहे. मी रोज बघतो."

भूगोलाच्या बाईंनी बशी हळूच खाली ठेवली.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले. "पहिल्या दिवशीच तुझ्या मानेवर दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं बघतोयस तर बघ. रोज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो तुझ्यासमोर. आज उकडत होतं. म्हटलं तासभर बनियनवर बसावं, तर दीड फूट सरकलो. शर्ट तर आत्ता भोंगा झाला म्हणून घातला."

डोळे भरून आले होते आणि पॅन्ट दोन्ही हातांनी धरून ठेवायची होती, त्यामुळे पुसताही येईनात.

वकील वातावरण हलकं करायला म्हणाले, "पण यंत्र चोख हं. सगळ्यांना एकदम कळवलं. हे बघा, दहाच्या दहा." आणि त्यांनी आपला मोबाइल अण्णांपुढे धरला. अण्णांनी चष्मा चढवला आणि ती यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत तपासली, जशी ते एके काळी बस तपासायचे, एकही आसन न सोडता. गॅस एजन्सीपाशी थांबले. दुकानदारापाशी थांबले. मग परत वर गेले.

"यात मी कुठाय?"

"तुम्ही… तुम्ही तर घरातच असता, अण्णा."

"घराला आग लागली, तर घरातल्या माणसाला नको कळायला? दाताच्या डॉक्टराला कळवलंस. खिडकीपाशी पहिला कोण आला?"

मी खाली मान घातली. एकतीस वर्षं लोकांचे रकाने तपासत आलो, आणि माझ्या अर्जात जे पहिलं असायला हवं तेच नव्हतं. समोर बसून ते विचारत होते, मी सांगू का म्हणून. मी त्यांना पडा म्हटलं होतं.

अण्णांनी मोबाइल वकिलांच्या हातात परत दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अपूर्ण. परत."

माझी अशी शोभा माझ्याच शेऱ्याने आजवर कुणी केली नव्हती. सेक्रेटरींनी तर टाळी दिली. आणि मग अण्णा उठले, भिंतीशी ठेवलेली बॅग उचलली आणि माझ्या हातात दिली.

"माळ्यावर टाक," ते म्हणाले. "आज तीन तारीख. फुकट्या सापडला. मी शब्दाचा पक्का आहे."

बॅग घ्यायला दोन्ही हात पुढे केले आणि पॅन्टचं जे व्हायचं ते झालं. ते हॉलच्या कॅमेऱ्यात आलंय. त्याखाली मोबाइलवर लिहून आलं, "वस्तू पडली."

गज परत बसवले, मीच चढून. कडी बदलली. हॉलचा कॅमेरा काढला. दुकानदाराचा नंबर खोडला आणि पहिल्या रकान्यात अण्णांचा घातला, तो संकटासाठीच नव्हे तर दारावरची प्रत्येक हालचाल कळवण्यासाठी. धाकट्याने घेऊन दिलेला मोठ्या पडद्याचा फोन अण्णा आता गळ्यात अडकवूनच वावरतात आणि आमच्या दारावरून कोण कधी गेलं हे अख्ख्या इमारतीला त्यांच्याकडून कळतं. कुकर कुणी नेला तेही त्यांना कळलंय म्हणे, मानेवरून. पण पुरावा मिळेपर्यंत सांगणार नाहीत.

हल्ली सकाळी मी दाराबाहेर पडलो की इमारतीच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझा फोन वाजतो. "छत्री घे." "डाव्या बुटाची लेस." "आज केस कापून ये, मागून बरं दिसत नाही." परवाही वाजला. मी उचलला.

"थांब," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी खिसे चाचपले आणि मागे फिरलो. अण्णा दार उघडून उभे होते, अंगात इस्त्रीचा शर्ट, हात पुढे केलेला, त्यात माझी किल्ली.

"तिकीट," ते म्हणाले.